एकच मोटार, किमती अनेक

बाजारातून वस्तू घेताना आपण तिची किंमत विचारतो आणि ती किंमत त्या वस्तूचीच आहे असे धरून चालतो. प्रत्यक्षात वस्तूच्या किमतीत कारखान्याचा खर्च, व्यापाऱ्याचा नफा आणि सरकारचे कर हे तिन्ही मिसळलेले असतात. सीमा ओलांडली की यांतील काही भाग बदलतो आणि तीच वस्तू स्वस्त किंवा महाग होते. मोटारगाडीच्या बाबतीत हा फरक विशेष ठळकपणे दिसतो. तो का पडतो आणि सामान्य ग्राहकाने त्यातून काय शिकावे, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

सीमेवरचे गाव : तलकाड

कर्नाटकात म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या काठी तलकाड हे प्राचीन गाव आहे. वाळूच्या टेकड्यांखाली गाडली गेलेली आणि वाळू उपसून मोकळी केलेली मंदिरे हे या गावाचे वैशिष्ट्य. वैद्येश्वर, पाताळेश्वर, मरुळेश्वर, अर्केश्वर आणि मल्लिकार्जुन या पाच शिवमंदिरांच्या दर्शनासाठी येथे दूरदूरचे भाविक येतात. काही वर्षांच्या अंतराने कार्तिक महिन्यात होणाऱ्या ‘पंचलिंग दर्शना’च्या वेळी तर गर्दीला पारावार उरत नाही. २०१३ आणि २०२० या वर्षी असा योग आला होता.

तलकाड ही एके काळी गंग राजांची राजधानी होती. अकराव्या शतकाच्या आरंभी चोळांनी ती जिंकली, तर पुढे १११६-१७ च्या सुमारास होयसळ राजा विष्णुवर्धनाने चोळांचा पराभव करून ती परत मिळवली. या विजयाची आठवण म्हणून त्याने तेथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. म्हणजे तलकाडने राज्यांच्या सीमा बदलताना अनेकदा पाहिल्या आहेत. सीमा आली की तिच्याबरोबर कर येतो. मालावरच्या कराला कन्नडमध्ये ‘सुंक’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातील ‘शुल्क’ या शब्दापासून आलेला आहे आणि आपल्या ‘सीमाशुल्क’ या शब्दातही तोच दडलेला आहे.

आज तलकाडच्या आसपास कोणतीही तटबंदी नाही. तमिळनाडू आणि केरळ या दोन्ही राज्यांच्या सीमा मोटारीने काही तासांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे यात्रेच्या दिवसांत येथील वाहनतळावर ‘के.ए.’ या अक्षरांच्या कर्नाटकी गाड्यांशेजारी तमिळनाडूच्या ‘टी.एन.’, केरळच्या ‘के.एल.’, क्वचित पुदुच्चेरीच्या ‘पी.वाय.’ आणि महाराष्ट्राच्या ‘एम.एच.’ अक्षरांच्या गाड्याही उभ्या दिसू शकतात. त्यांतील दोन गाड्या एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी, एकाच रंगात बाहेर पडलेल्या असू शकतील. तरीही त्यांच्या मालकांनी मोजलेली रक्कम सारखी असेलच असे नाही. जुन्या काळी सीमा तटबंदीवर दिसत असे. आज ती गाडीच्या क्रमांकपट्टीवर आणि बिलावर दिसते.

किंमत कशी घडते ?

नव्या मोटारीची किंमत एखाद्या इमारतीसारखी मजल्यामजल्यांनी चढत जाते. पाया म्हणजे कारखान्यातील उत्पादनखर्च आणि कंपनीचा नफा. त्यावर वाहतुकीचा खर्च आणि विक्रेत्याचे कमिशन. त्यावर वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी. इथपर्यंतच्या रकमेला बोलीभाषेत ‘शोरूम किंमत’ म्हणतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली असते ती हीच.

परंतु या किमतीला गाडी रस्त्यावर आणता येत नाही. राज्य सरकारचा वाहन कर, नोंदणीचे शुल्क आणि विमा यांची भर पडल्यावर जी रक्कम होते, ती गाडीची खरी किंमत होय. तिला ‘ऑन-रोड किंमत’ असे म्हणतात. ग्राहकाच्या खिशातून जाते ती ही रक्कम आणि अनेकदा कर्जाचा हप्ता ठरतो तोही हिच्याच आधारे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. त्यापूर्वी विक्रीवरचा कर प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे आकारत असे. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्र, कर्नाटक आणि इतर अनेक राज्यांत विक्रीकराऐवजी मूल्यवर्धित कर आला, तरीही दरांतील फरक पूर्णपणे मिटले नाहीत. मुंबईसारख्या शहरात तर मालाच्या प्रवेशावर जकातही द्यावी लागे. त्यामुळे त्या काळी शोरूम किंमतच राज्याराज्यांत आणि शहराशहरांत वेगळी असे.

जीएसटीने जकात आणि विक्रीवरचे वेगवेगळे कर संपवले. मोटारींवरील जीएसटीचा दर सर्व राज्यांत एकच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ टक्के, मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींवर ५ टक्के असे दर लागू झाले. मग प्रश्न असा की, कर एकच झाला असताना गाडीची किंमत एक का झाली नाही ?

राज्यघटनेने राज्यांना दिलेला अधिकार

याचे उत्तर भारताच्या राज्यघटनेत आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्ये यांच्या अधिकारांची वाटणी केलेली आहे. तेथील राज्य सूचीतील ५७ व्या नोंदीनुसार रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. जीएसटी आला तेव्हाही हा अधिकार राज्यांकडेच राहिला. कर्नाटकाने यासाठी १९५७ साली कायदा केला, तर त्यावेळच्या मुंबई राज्याने १९५८ साली. महाराष्ट्रात तोच कायदा पुढे चालत आला.

प्रत्येक राज्याचे दर वेगळे असतात. खाजगी मोटारीसाठी बहुतेक राज्ये हा कर नोंदणीच्या वेळी एकदाच घेतात. २०२४ साली कर्नाटकात त्याचे दर मोटारीच्या किमतीनुसार १३ ते १८ टक्के होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात पेट्रोलवर चालणाऱ्या खाजगी मोटारींसाठी ते ११ ते १३ टक्के आणि डिझेलवर चालणाऱ्या मोटारींसाठी १३ ते १५ टक्के होते.

या फरकाचा अर्थ आकड्यांनी स्पष्ट होईल. समजा, पेट्रोलवर चालणाऱ्या एका मोटारीची किंमत ८ लाख रुपये आहे. २०२४ च्या दराने महाराष्ट्रातील कोल्हापुरात तिच्यावर ११ टक्के, म्हणजे ८८,००० रुपये वाहन कर पडला असता. तेथून जवळच असलेल्या, पण कर्नाटकात मोडणाऱ्या बेळगावात १४ टक्के, म्हणजे १,१२,००० रुपये. दोन्हींत २४,००० रुपयांचा फरक. मोटार १८ लाखांची असती, तर महाराष्ट्रात १२ टक्क्यांनी २,१६,००० आणि कर्नाटकात १७ टक्क्यांनी ३,०६,००० रुपये झाले असते. म्हणजे फरक ९०,००० रुपयांचा. कर्नाटकात या करावर उपकरही घेतला जातो. तो येथे धरलेला नाही. बेळगाव आणि कोल्हापूर या भागांत दोन्हीकडे नातीगोती असलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. सख्ख्या भावांनी एकच मोटार घेतली, तरी एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त पैसे का मोजावे लागतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

राज्ये हा कर सोडून का देत नाहीत ? जीएसटीनंतर राज्यांच्या स्वतःच्या हाती दर ठरविण्याजोगे फार थोडे कर उरले. पेट्रोल-डिझेलवरील कर, मद्यावरील कर, मुद्रांक शुल्क आणि वाहन कर ही त्यांतील प्रमुख साधने. रस्ते, शाळा, दवाखाने यांसाठी राज्याला पैसा लागतो. मोटार घेणारा मनुष्य तुलनेने सुस्थितीत असतो, असे मानून राज्ये महागड्या मोटारींवर चढता कर लावतात. या विचारात तथ्य आहे. मात्र शेजारच्या राज्यात तोच कर कमी असेल, तर ग्राहकाच्या मनात पळवाट शोधण्याचा मोह निर्माण होतो, हेही तितकेच खरे.

दोन देशांमधील सीमा

एकाच देशातील दोन राज्यांत इतका फरक असेल, तर दोन देशांत तो किती असेल ! येथे वाहन कराबरोबर सीमाशुल्काचीही भर पडते. परदेशातून येणाऱ्या मालावर देश जो कर घेतो, त्याला सीमाशुल्क म्हणतात.

त्याचे जवळचे उदाहरण नेपाळचे आहे. भारतात तयार झालेल्या मोटारी नेपाळच्या रस्त्यांवर सर्रास दिसतात. परंतु तेथे त्यांची किंमत भारतातील किमतीच्या दुपटीहून अधिक असते. याचे कारण चलन नव्हे. १९९३ पासून भारताचा १ रुपया म्हणजे नेपाळचे १.६० रुपये असा स्थिर दर आहे. खरे कारण करांच्या चढत्या साखळीत आहे. समजा, सीमेवर पोहोचलेल्या मोटारीची किंमत १०० रुपये आहे. तिच्यावर ८० टक्के सीमाशुल्क लागले की ती १८० रुपये होते. या १८० रुपयांवर समजा ५० टक्के अबकारी कर लागला की २७० रुपये होतात. त्यावर नेपाळचा १३ टक्के मूल्यवर्धित कर लागला की ती ३०५ रुपयांच्या घरात जाते. येथे प्रत्येक नवा कर मूळ किमतीवर न बसता आधीच्या करासह झालेल्या रकमेवर बसतो. यालाच ‘करावर कर’ म्हणतात. १०० रुपयांच्या वस्तूचे ३०५ रुपये होतात ते यामुळे.

असे सीमाशुल्क देश कशासाठी लावतात ? त्याची मुख्यतः चार कारणे सांगता येतील.

पहिले कारण महसूल. आपल्या देशात मोटारींचे मोठे कारखाने नसले, की आयात मोटारींवरचा कर हे सरकारी उत्पन्नाचे सोपे साधन ठरते.

दुसरे कारण स्वदेशी उद्योगाचे संरक्षण. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १६७१ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या व्यापारासंबंधी पत्र लिहिले होते. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळत आणि स्वराज्यातील मिठाचा खप घटे. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून ते स्वराज्यातील मिठापेक्षा महाग पडेल असे करावे, अशी आज्ञा त्या पत्रात आहे. आज परदेशी मोटारींवर लागणाऱ्या सीमाशुल्कामागे हाच विचार असतो.

तिसरे कारण परकीय चलनाची बचत. श्रीलंकेने मार्च २०२० मध्ये मोटारींची आयात थांबवली आणि खाजगी मोटारींसाठी ती थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा खुली केली. नव्या मोटारी येणेच बंद झाल्याने मधल्या काळात तेथे जुन्या मोटारींच्या किमतीही भडकल्या.

चौथे कारण वाहनसंख्येवर नियंत्रण. सिंगापूर हे लहानसे बेट आहे. तेथे १९९० पासून मोटार घेण्यापूर्वी ती बाळगण्याचा परवाना लिलावात मिळवावा लागतो आणि त्याची मुदत साधारणतः १० वर्षांची असते. अनेकदा हा परवानाच मोटारीइतका महाग पडतो. पूल ओलांडून शेजारच्या मलेशियात गेले, की तीच मोटार कितीतरी स्वस्त मिळते.

आपल्या मराठी मुलखालाही अशा सीमेचा अनुभव आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. स्वतंत्र भारताने देशी उद्योग उभारण्यासाठी परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधने घातली होती. त्यामुळे आपल्याकडे मोजक्या देशी बनावटीच्या गाड्यांसाठी ग्राहकांना वाट पाहावी लागे. गोव्यात मात्र त्याच काळात परदेशी बनावटीच्या मोटारी दिसत. सावंतवाडी आणि पणजी यांच्यातील अंतर थोडे, पण मधल्या सीमेने मोटारींचे दोन निराळे बाजार निर्माण केले होते.

करापूर्वीची किंमतही वेगळी असते

कर वगळले तर किमती सारख्या होतील, असे आपल्याला वाटेल. परंतु तसेही नेहमी होत नाही. युरोपात डेन्मार्क आणि जर्मनी हे शेजारी देश आहेत आणि त्यांच्यात सीमाशुल्क नाही. तरीही डेन्मार्कमध्ये मोटारीच्या नोंदणीवरचा कर अतिशय जड आहे. विक्रीवरचा मूल्यवर्धित करही तेथे २५ टक्के आहे, तर जर्मनीत तो १९ टक्के आहे. करासह किंमत फार चढली, तर डेन्मार्कमध्ये मोटार विकलीच जाणार नाही, हे जाणून कंपन्या तेथे करापूर्वीची किंमत कमी ठेवत आल्या आहेत. युरोपीय आयोग काही वर्षे मोटारींच्या किमतींचे तुलनात्मक अहवाल प्रसिद्ध करत असे. त्यांत डेन्मार्कची करापूर्वीची किंमत कमी किमतींत गणली जाई.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. कंपनी किंमत ठरवते ती केवळ खर्चावरून नव्हे, तर त्या बाजारातील ग्राहक किती देऊ शकेल याचा अंदाज घेऊन. जेथे उत्पन्न जास्त आणि स्पर्धा कमी, तेथे किंमत चढी. जेथे कर जड, तेथे कंपनी स्वतःचा वाटा कमी करते.

स्वस्ताईचा मोह

मग स्वस्त ठिकाणी मोटार घेऊन महाग ठिकाणी ती वापरली तर ? असा विचार अनेकांच्या मनात येतो. पुदुच्चेरीमध्ये वाहन कर पुष्कळ कमी असल्याने तेथे राहत असल्याचा खोटा पत्ता दाखवून महागड्या मोटारींची नोंदणी केल्याची प्रकरणे २०१७ साली केरळात गाजली आणि ती पोलिसांपर्यंत गेली.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार, मालक जेथे राहतो किंवा जेथे मोटार नेहमी ठेवली जाते, त्या राज्यातच तिची नोंदणी व्हावी लागते. एका राज्यात नोंदलेली मोटार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची असेल, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. खोट्या पत्त्यावर केलेली नोंदणी उघडकीला आली, तर वाचवलेल्या करापेक्षा मोठा भुर्दंड पडू शकतो.

तलकाडला दर्शनासाठी दोन दिवस येणाऱ्या यात्रेकरूला या नियमाची चिंता करण्याचे कारण नाही. मोटार तात्पुरती दुसऱ्या राज्यात नेणे आणि ती तेथेच कायमची ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

खरी अडचण : बदलीवर जाणारे कुटुंब

या व्यवस्थेचा खरा जाच होतो तो प्रामाणिक, पण फिरत्या नोकरीच्या माणसाला. समजा, कोल्हापूरचे एक कुटुंब नोकरीनिमित्त म्हैसूरला राहावयास गेले. मोटारीचा संपूर्ण कर त्यांनी महाराष्ट्रात भरलेला आहे. कर्नाटकात वर्षापेक्षा अधिक काळ राहायचे असेल, तर आधी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. नंतर मोटारीचे वय पाहून ठरेल तेवढा कर कर्नाटकात भरावा लागतो. त्यानंतर महाराष्ट्राकडे उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागावा लागतो. म्हणजे पैसे आधी द्यायचे आणि मग परत मिळण्याची वाट पाहायची.

२०१४ साली कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून, परराज्यातील मोटार ३० दिवसांहून अधिक काळ राज्यात राहिली तर आजीवन कर भरावा लागेल असे ठरवले. त्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले आणि २०१६ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती अवैध ठरवली. सामान्य नागरिकाला कायद्याची दाद मागता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या अडचणीवर उपाय म्हणून केंद्र सरकारने १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बी.एच.’, म्हणजे भारत मालिकेतील क्रमांक सुरू केले. असा क्रमांक असलेली मोटार दुसऱ्या राज्यात नेली, तरी नवी नोंदणी करावी लागत नाही आणि कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो. मात्र ही सोय सर्वांसाठी नाही. संरक्षण दले, केंद्र व राज्य सरकारे आणि सार्वजनिक उपक्रम यांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी यांनाच ती मिळते. स्वतःचा छोटा धंदा करणारा किंवा लहान कारखान्यात काम करणारा मनुष्य अद्याप तिच्याबाहेर आहे.

ग्राहकाने लक्षात ठेवावे

नवी मोटार घेताना विक्रेत्याकडून ऑन-रोड किमतीचा तपशील लेखी मागावा. त्यात शोरूम किंमत, वाहन कर, नोंदणी शुल्क आणि विमा हे आकडे वेगवेगळे असावेत. ‘हाताळणी खर्च’ यासारखी अनाकलनीय रक्कम दिसल्यास ती कशाची, हे विचारावे. करांचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून ते परिवहन कार्यालयातून पडताळून घ्यावेत. येत्या एक-दोन वर्षांत दुसऱ्या राज्यात जाण्याची शक्यता असेल, तर नवी मोटार आताच घ्यावी की तेथे गेल्यावर, याचा विचार करावा. परराज्यातील जुनी मोटार स्वस्त मिळत असेल, तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि पुन्हा भरावा लागणारा कर यांचा हिशेब करूनच ती स्वस्त आहे की नाही, ते ठरवावे.

मोटारीच्या किमतीत लोखंड, रबर आणि कामगारांचे श्रम असतात, त्याचप्रमाणे राज्याच्या गरजा आणि देशाची धोरणेही असतात. सीमा बदलली की हा दुसरा भाग बदलतो. बिलावरचा प्रत्येक आकडा कशासाठी आहे हे ज्याला वाचता येते, तो फसवला जात नाही आणि अन्याय झालाच तर नेमका कोठे झाला, हेही त्याला सांगता येते.

शब्दार्थ

महसूल – सरकारचे उत्पन्न
उपकर – मुख्य करावर आकारलेला जादा कर
अबकारी कर – विशिष्ट वस्तूंचे उत्पादन किंवा आयात यांवर घेतला जाणारा कर
परतावा – भरलेली रक्कम परत मिळणे
भुर्दंड – विनाकारण सोसावा लागणारा खर्च
अवैध – कायद्याला धरून नसलेले

स्वाध्याय

१. शोरूम किंमत आणि ऑन-रोड किंमत यांतील फरक स्पष्ट करा.
२. जीएसटी सर्वत्र सारखा असूनही मोटारीची किंमत राज्याराज्यांत वेगळी का असते ?
३. देश सीमाशुल्क लावतात त्याची चार कारणे उदाहरणांसह लिहा.
४. ‘वाहन कर संपूर्ण देशात एकच असावा.’ या मताच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे मांडा.
५. तुमच्या घरातील किंवा परिचितांच्या एखाद्या वाहनाचे बिल पाहा. त्यातील कराचा वाटा किती टक्के आहे, ते काढा.